मातीच्या जमिनीचं खुराडं: झिरपणारं पाणी, उकरलेले खड्डे आणि बाहेरून येणारी बिळं

प्रश्न थोडक्यात असा: तळकोकणात उताराच्या परड्यात 10 × 8 फुटांचं चिऱ्यांचं खुराडं आहे. वर एकपाखी पत्रा, आत साधी मातीची जमीन, 25 गावठी कोंबड्या. पाऊस सुरू झाला की मागच्या, म्हणजे डोंगराकडच्या भिंतीतून ओल येते. कोंबड्या भिंतीलगत उकरून हातभर खोल खड्डे करतात आणि त्यांत पाणी साचतं. दोन ठिकाणी बाहेरून बिळंही पडली आहेत. सगळीकडे सरळ कोबा घालून मोकळं व्हावं का?

कोबा घालण्याआधी थांबा. पाणी डोंगराकडून येत असेल तर कोब्याने ते अडत नाही. कोब्याखाली साठून राहतं, कडेच्या फटीतून वर येतं आणि गादी, म्हणजे जमिनीवर पसरलेला तूस-भुशाचा थर, खालून भिजवत राहतं. शिवाय जून-जुलैच्या दमट हवेत थंड सिमेंटला घाम फुटतो तो वेगळाच. तुमचे तिन्ही त्रास, म्हणजे पाणी, खड्डे आणि बिळं, एकाच ठिकाणी आहेत: भिंतीचा पाया आणि त्याच्या आतबाहेरचा दीड-दोन फुटांचा पट्टा. तेवढा पट्टा नीट बांधून काढला तर मधली जमीन मातीची ठेवता येते, आणि कोंबड्यांसाठी ती कोब्यापेक्षा चांगलीच असते.

पाणी नेमकं कुठून येतंय?

खुराड्यात पाणी चार वाटांनी येतं: छपरावरून, जमिनीवरून वाहत, जमिनीखालून झिरपत, आणि चौथं कोंबड्यांकडूनच. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. वाट न ओळखता केलेला खर्च वाया जातो.

सर आली की तासाभरात आत ओलं होतं आणि उघडीप मिळाली की सुकतं, तर पाणी छपराचं किंवा वाहतं आहे. पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी मागच्या भिंतीखाली माती चिकट आणि थंड लागते, तर ते खालचं झिरपण. कोकणात याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: मातीचा थर फूट-दोन फुटांचा आणि त्याखाली कातळ. पाणी कातळात फारसं जिरत नाही, माती-कातळाच्या मधून उताराकडे सरकत राहतं. खुराड्यासाठी उतार कापून जागा सपाट केली असेल, तर तिथेच त्याला बाहेर पडायला तोंड मिळतं.

खात्रीसाठी दोन साध्या चाचण्या. पहिली: गादी बाजूला सारून उघड्या जमिनीवर 2 × 2 फुटांचा जाड प्लास्टिकचा तुकडा पसरा, चारी कडा माती-दगडाने दाबा आणि 24 तासांनी उचला. प्लास्टिकच्या खालच्या अंगाला थेंब असतील तर ओल जमिनीतून येते. वरच्या अंगाला असतील तर ती हवेतली आहे, म्हणजे वारा खेळत नाही. दुसरी: भिंतीपासून चार-पाच फुटांवर, डोंगराच्या बाजूला, दोन फूट खोल खड्डा घ्या, वरून झाका आणि दुसऱ्या दिवशी बघा. पाण्याची पातळी जमिनीपासून दीड-दोन फूट खाली असेल तर चर खणून काम भागतं. भर जुलैत पाणी वीतभर खोलीवरच उभं असेल, तर त्या जागी मातीची जमीन टिकवण्याचा हट्ट सोडा आणि खुराडं खांबांवर उचला. अशा जागेत कितीही मुरूम ओतला तरी चार-दोन पावसाळ्यांत तो गाळ होतो.

चौथी वाट लोक विसरतात. एक मोठी कोंबडी दिवसाला साधारण 100 ग्रॅम ओली विष्ठा टाकते आणि त्यात तीन-चतुर्थांश पाणीच असतं. 25 कोंबड्यांचं मिळून दिवसाला जवळपास दोन लिटर पाणी बाहेरचा एक थेंबही न येता गादीत पडतं. त्यात भांडं कलंडून सांडणारं पाणी धरा. मागच्या भिंतीची ओल थांबली तरी पाण्याच्या भांड्याभोवती चिखल राहिला, तर दोष पावसाचा नाही.

आधी छप्पर, मग चर

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. तुमचं छप्पर पाखाड्या धरून 13 × 11 फुटांचं असेल तर ते सुमारे 13 चौरस मीटर झालं. कोकणात एका दिवसात 100 मिलिमीटर पाऊस ही पावसाळ्यातली नेहमीची गोष्ट, म्हणजे त्या दिवशी 1,300 लिटर पाणी एका पागोळीच्या रेषेत पडणार. ही पागोळी भिंतीपासून फूटभरावर पडत असेल तर ती थेट पाया भिजवते आणि उडणाऱ्या चिखलाने भिंतही.

एकपाखी छपराचा उतार डोंगराकडे असेल तर आधी तो फिरवा. छपराचं आणि डोंगराचं पाणी एकाच खोबणीत पडत असेल तर पुढचा कुठलाच उपाय पुरा पडत नाही. उतार दरीकडे, म्हणजे खालच्या अंगाला हवा. पाखाडी भिंतीच्या बाहेर निदान अडीच-तीन फूट काढा आणि पागोळीला पन्हळ लावा. चार इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून केलेली पन्हळ पुरते. दर अडीच फुटांना टेकू द्या, नाहीतर भरलेली पन्हळ वाकून मध्येच सांडते. पन्हळीचं पाणी खुराड्यापासून दहा-बारा फूट दूर, उताराखाली सोडा. विहिरीच्या बाजूला मात्र नाही.

वरच्या अंगाचं वाहतं पाणी आणि झिरपणारं पाणी यांना दोन वेगळे मार्ग द्यावेत असं माझं ठाम मत आहे. वाहत्या पाण्यासाठी भिंतीपासून सहा-सात फूट वर एक उघडा पाट काढा: फूटभर रुंद, नऊ इंच खोल, खुराड्याला वळसा घालून दोन्ही बाजूंना उतरणारा. तो उघडाच राहू द्या. पालापाचोळा आणि गाळ त्यातच येणार आणि उघडा असेल तर फावड्याने पाच मिनिटांत साफ होतो.

झिरपणाऱ्या पाण्यासाठी खडी भरलेला चर लागतो. तो पाट आणि भिंत यांच्या मध्ये, भिंतीपासून तीन फूट सोडून घ्या. पायाला लागून खणू नका. चिऱ्यांच्या अशा बांधकामाचा पाया अनेकदा फूटभरच असतो आणि लगत खणलं की भिंत त्या बाजूला झुकते. रुंदी एक फूट. खोली कातळ लागेपर्यंत, किंवा कातळ फार खाली असेल तर आतल्या जमिनीच्या पातळीपेक्षा निदान एक फूट खाली. खोलीचं हे माप सर्वांत महत्त्वाचं. चर उथळ राहिला तर पाणी त्याच्या खालून निघून आत येतं आणि मग लोक म्हणतात, चर खणूनही उपयोग झाला नाही.

चराचा उतार दर दहा फुटांना दीड ते दोन इंच. नजरेने अंदाज घेऊ नका, गवंड्याची पाण्याची पातळनळी लावून बघा. डोळ्याला उताराच्या जमिनीवर सपाट रेषाही उतरती दिसते. तळाशी दोन इंच खडी, त्यावर भोकं पाडलेला तीन इंची पाइप, भोकं खालच्या बाजूला. भोकं वर ठेवली तर पाइपाच्या उंचीएवढं पाणी आधी चरात साठतं आणि मगच आत शिरतं. पाइपावर 20 ते 40 मिलिमीटरची खडी. खडीच्या बाजूंना आणि वर जिओटेक्स्टाइल कापड घातलं तर गाळ आत जात नाही. शेडनेट त्याच्या जागी चालत नाही, बारीक माती तिच्यातून आरपार जाते. मागची बाजू, दोन्ही वळणं आणि पाणी बाहेर पडण्याचं तोंड धरून साधारण 22 फूट लांबी होते. दीड फूट खोलीला त्यासाठी 33 घनफूट, म्हणजे ब्रासच्या एक-तृतीयांश खडी लागते. पाइपाच्या तोंडाला अर्ध्या इंचाची जाळी लावायला विसरू नका. उघडा पाइप म्हणजे घुशीला तयार घर.

बाहेरचा दोन फुटांचा पट्टा

आता त्या बिळांकडे. घूस, मुंगूस आणि कोल्हा यांच्या खणण्याची तऱ्हा एक आहे: भिंत आडवी आली की तिच्या पायथ्याशीच नाक घालून खाली खणायचं. दोन फूट मागे सरून तिथून बोगदा काढावा, हे त्यांना सहसा सुचत नाही. म्हणून जाळी सरळ खाली तीन फूट गाडण्यापेक्षा एक फूट खाली आणि तिथून दोन फूट बाहेर आडवी पसरली, तर कमी खणून जास्त काम होतं. घुशीची बिळं सहज दोन फूट खोल जातात, त्यामुळे नुसत्या उभ्या जाळीवर भिस्त ठेवता येत नाही.

जाळी वेल्डमेशच हवी, अर्ध्या इंचाच्या चौकोनाची, 19-20 गेज किंवा त्याहून जाड, गॅल्व्हनाइज्ड. षटकोनी भोकांची पातळ ‘कोंबडीजाळी’ कोंबड्यांना आत ठेवते, पण बाहेरच्याला अडवत नाही. घूस ती कुरतडते आणि एक इंचाच्या भोकातून लहान उंदीर आरामात जातो. तीन फूट रुंदीची गुंडाळी घेऊन ती इंग्रजी एल अक्षरासारखी दुमडा. खुराड्याचा घेर 36 फूट, आणि कोपऱ्यांसाठी आठ फूट जास्त धरा. पट्टा बाहेर वळवला की चारी कोपऱ्यांवर दोन फुटी चौकोन उघडे राहतात आणि जनावर नेमकं तिथून येतं. तिथे वेगळे तुकडे घालून तारेने शिवा. उभ्या जाळीची वरची कड चिऱ्याच्या सांध्यात, सिमेंटने पक्की करा.

जांभ्याची माती आंबट असते आणि तिच्यात जस्ताचा लेप लवकर जातो. त्यामुळे नुसती माती लोटून जाळी झाकू नका. आडव्या जाळीवर दोन-तीन इंच मुरूम ठोकून वर चिऱ्याचे तुकडे किंवा फुटक्या फरश्या बसवा आणि सांधे सिमेंट-वाळूच्या 1:6 मालाने भरा. बाहेरच्या बाजूला फुटाला एक इंच ढाळ द्या. हा ढाळ दिलात की तोच पट्टा पाणीही भिंतीपासून दूर ढकलतो, म्हणजे एका मजुरीत दोन कामं. जाळीचा खर्च परवडत नसेल तर निव्वळ चिऱ्यांची फरसबंदीही चालते, पण मग दोन फुटांऐवजी अडीच फूट करा आणि सांधे मोकळे सोडू नका.

असलेली बिळं बुजवण्याआधी ती वापरात आहेत का ते बघा. संध्याकाळी तोंडावर चिखलाचं पातळ लिंपण द्या. सकाळी फुटलेलं असेल तर आत वस्ती आहे. वस्ती असताना कायमचं बुजवलं तर घूस दुसरीकडून फोडून निघते, बहुधा खुराड्याच्या आतच. आधी पिंजरा लावून पकडा, मग बिळात दगडगोटे ठासून माल ओता. काचा घालण्याची जुनी पद्धत सोडून द्या, कोंबड्याच पुढे कधीतरी त्या उकरून वर काढतात. झिंक फॉस्फाईड किंवा शेतातली दाणेदार कीटकनाशकं खुराड्याच्या आसपासही नकोत. कोंबडी दाणा दिसला की टिपते, आणि विष खाऊन मेलेला उंदीर तिने टोचला तरी धोका असतोच. बीळ हाताळताना गमबूट आणि हातमोजे घाला. उंदीर-घुशींच्या लघवीतून लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, पसरतो आणि कोकणात पावसाळ्यात तो खराच असतो.

घुशी येतात त्या मुळात खाद्यासाठी. एका कोंबडीला दिवसाला 110-120 ग्रॅम खाद्य लागतं. तेवढंच घाला आणि संध्याकाळी भांडी उचला. घुशी-उंदीर कमी झाले की त्यांच्यामागे येणारे सापही कमी होतात.

आतली जमीन कशी बांधावी

हे काम एप्रिल-मे महिन्यांतलं आहे, पावसात करायचं नाही.

जुनी भुसभुशीत, घाण मुरलेली माती सहा इंच काढून टाका. ती नारळ-पोफळीच्या बागेला उत्तम, पण ताजी असेल तर बुंध्यापासून लांब. खालचा भाग धुमसाने ठोका. त्यावर चार इंच मोठी खडी किंवा जांभ्याचा चुरा नसलेले फोडलेले दगड. हा थर खालची ओल वर चढू देत नाही, कारण मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी वर चढतं तसं खडीच्या मोठ्या पोकळ्यांतून चढत नाही. त्यावर सहा इंच मुरूम, तीन-तीन इंचांच्या दोन थरांत, प्रत्येक थर किंचित ओला करून ठोकलेला. एकदम सहा इंच टाकून वरून ठोकला तर खालचे तीन इंच पोकळ राहतात आणि महिन्याभरात कोंबड्या तिथपर्यंत पोचतात. 80 चौरस फुटांना साधारण 27 घनफूट खडी आणि अर्धा ब्रास सैल मुरूम लागेल.

यात एक चूक वारंवार होते. खडीच्या थराला बाहेर पडायला वाटच ठेवत नाहीत. चारी बाजूंनी चिऱ्याची भिंत आणि मध्ये खडी, म्हणजे जमिनीखाली पाण्याची टाकीच बांधली. खालच्या अंगाच्या भिंतीत, खडीच्या तळाच्या पातळीला, दोन इंची पाइपाचे दोन तुकडे बाहेर काढा आणि त्यांच्या तोंडालाही जाळी लावा. मोठ्या पावसानंतर त्यातून पाणी ठिबकताना दिसलं तर काम नीट झालं आहे.

तयार जमीन बाहेरच्या पातळीपेक्षा निदान नऊ इंच वर हवी, आणि दाराकडे आठ फुटांत दोन इंच ढाळ. जमीन वर आली की दाराचा उंबराही वर घ्यावा लागतो, तो विसरला तर गादी रोज दारातून बाहेर सांडते.

गादीखाली ताडपत्री किंवा सिल्पोलिन पसरू नका. वरून पडलेलं पाणी आणि विष्ठेतली ओल तिच्यावर अडून राहते, आठवड्यात खालचा थर कुजतो, आणि कोंबड्या कडा उकरून प्लास्टिकचे तुकडे गिळतात. गळ्याखालच्या अन्नपिशवीतल्या अडथळ्याने कोंबडी मरते तेव्हा कारण कळतही नाही.

देशावर, काळ्या मातीच्या गावांत हेच काम थोडं निराळं. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि त्या भेगा उंदरांना आयता रस्ता होतात. तिथे निदान एक फूट काळी माती काढून मुरूम भरावा.

उकरणं थांबत नाही, त्याला जागा द्यावी लागते

कोंबडी उकरते ती चार कारणांनी: किडे-दाणे शोधायला, धुळीत लोळून पिसांतल्या उवा काढायला, उन्हाळ्यात गार मातीत बसायला, आणि करण्यासारखं दुसरं काही नसतं म्हणून. भिंतीलगतची माती तिला आवडते, कारण वर पत्रा असल्याने ती सुकी, भुसभुशीत आणि वाळवी-मुंग्यांची असते. खड्डा पडला की आजूबाजूची ओल त्यात उतरते, गादी त्यात घसरून चिखल होतो, माश्यांच्या अळ्या होतात, त्या खायला कोंबड्या आणखी उकरतात. असं करत पायाच उघडा पडतो आणि मग बाहेरची घूस आत यायला वीतभर अंतर उरतं.

आतल्या बाजूने भिंतीलगत दीड फुटांचा पट्टा चिऱ्याच्या किंवा फरशीच्या तुकड्यांनी आडवा बांधून घ्या, मुरुमात रुतवून, वर न येईल असा. कोपऱ्यांत आणि खांबांभोवतीही. मधली जमीन मोकळी. आत जमिनीखाली जाळी घालायचा सल्ला खूप मिळतो. तो मानायचा असेल तर जाळी निदान सहा-आठ इंच खोल हवी. दोन-तीन इंचांवरची जाळी काही आठवड्यांत उघडी पडते, तिच्यात नखं अडकतात, तळपायाला जखमा होतात आणि त्यांतून पायाचा गाठीसारखा फोड होतो. फरशीचा पट्टा यापेक्षा स्वस्त आणि सुरक्षित.

मग त्यांना धुळीची जागा द्या. 25 कोंबड्यांना 3 × 3 फुटांची, फूटभर उंच कडेची चौकट पुरते, ट्रकचा जुना टायरही चालतो. तीन कोंबड्या एका वेळी लोळतात, बाकीच्या पाळी धरतात. त्यात आठ इंच भर: दोन भाग चाळलेली सुकी माती, दोन भाग बारीक वाळू, एक भाग चुलीतली चाळलेली, पूर्ण थंड राख. राख जास्त नको. ओली झाली की ती त्वचेला झोंबते. उवा दिसत असतील तर सुकवलेल्या कडुलिंबाच्या पाल्याची मूठ-दोन मूठ पूड मिसळा. चौकट खुराड्याच्या सर्वांत सुक्या, उजेडाच्या कोपऱ्यात ठेवा, पाण्याच्या भांड्यापासून लांब.

कोकणात याला एक पूर्वतयारी लागते. मे महिन्यातच तीन-चार पोती सुकी माती आणि वाळू भरून, पोत्यांची तोंडं बांधून पडवीत ठेवा. जुलैत सुकी माती पैसे देऊनही मिळत नाही, आणि धुळीची चौकट ओली झाली की कोंबड्या पुन्हा भिंतीकडे वळतात.

उकरण्याची त्यांची सवय कामालाही लावता येते. संध्याकाळच्या दाण्यातला थोडा भाग, कोंबडीमागे दहा ग्रॅम, गादीवर फेका, पण जिथे गादी दबून घट्ट झाली आहे नेमकं तिथेच. ती जागा त्या स्वतः भुसभुशीत करतात. पडलेले खड्डे आठवड्यातून एकदा मुरमाने भरून ठोका. नुसती गादी ढकलून खड्डा झाकला तर तो दुसऱ्या दिवशी पुन्हा तयार.

गादी

मातीच्या जमिनीवर भाताचा तूस सर्वांत सोयीचा. तो पाणी धरून ठेवत नाही, लवकर सुकतो आणि कोकणात गिरणीवर मिळतो. रंध्याचा भुसा चांगला, पण करवतीची बारीक पूड नको, ती डोळ्यांत-नाकात जाते. लांब पेंढ्याची चटई होते, त्याची हातभर कुट्टी केली तरी फारसा फरक पडत नाही, बोटभर कापावा लागतो. नारळाच्या सोडणाचा भुगा भरपूर पाणी शोषतो, पण ते सोडत नाही. त्यामुळे तो चिखलावर तात्पुरता इलाज म्हणूनच वापरावा.

सुरुवात चार इंचांनी. 80 चौरस फुटांना साधारण 75 किलो तूस लागतो. पावसाळ्यात थर सहा इंचांपर्यंत वाढवा. गादी पावसाच्या तोंडावर नव्याने घालू नका. उन्हाळ्यातच घातली तर जूनपर्यंत तिच्यात विष्ठा कुजवणारे जिवाणू स्थिरावतात आणि ती ओल जास्त सोसते. पोपडे धरलेला भाग काढून टाका, पण सगळी गादी दर महिन्याला बदलण्याची गरज नसते.

ओल ओळखायला मूठभर गादी घट्ट दाबून सोडा. गोळा तसाच राहिला तर ओल फार आहे. हळूहळू सुटून पडली तर नेमकी आहे. अजिबात धरत नसेल तर फार सुकी, धुरळा उडेल. रोज सकाळी दार उघडल्यावर खाली बसून कोंबडीच्या उंचीला वास घ्या. डोळे चुरचुरले तर अमोनिया झाला आहे. उभ्या माणसाला तो जाणवेपर्यंत कोंबड्यांचे डोळे सुजलेले असतात. ओल्या गादीवर चुना टाकायची सवय सर्रास आहे. पण चुन्याने गादी अधिक अल्कधर्मी होते आणि अमोनिया एकदम जास्त सुटतो. टाकायचाच तर 100 चौरस फुटांना एक किलो विरलेला चुना, कोंबड्या बाहेर असताना, दारं-खिडक्या उघडून, आणि लगेच हलवून मिसळून. अमोनियाचाच त्रास असेल तर तेवढ्याच प्रमाणात सुपर फॉस्फेट चुन्यापेक्षा बरं, ते अमोनिया बांधून ठेवतं. दोन्ही एकत्र मात्र नको.

पाण्याचं भांडं फूटभर उंच विटांच्या ओट्यावर, वर जाळीचा तुकडा आणि खाली खडीची पाटी, असं ठेवा. भांड्याची कड कोंबडीच्या पाठीच्या उंचीला असली की सांडणं बरंच कमी होतं. 25 कोंबड्यांना दिवसाला पाच-सात लिटर पाणी लागतं. निपल, म्हणजे चोच लावली की थेंब सोडणारी तोटी, लावलेली बादली टांगली तर आणखी उत्तम. भिंतीच्या वरच्या तृतीयांशात जाळी ठेवून वारा खेळू द्या. पावसाच्या बाजूला पोत्यांचे पडदे लावले तरी वर वीतभर फट हवीच, ती बंद केली की गादी खालून नाही, वरून ओली होते.

आत्ता जुलै असेल तर

जमीन उकरायला घेऊ नका, ओल्यात ठोकलेला मुरूम बसत नाही. आधी बाहेर वरच्या अंगाला फावडाभर खोल पाट काढा, हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. मग पागोळी भिंतीपासून दूर न्या, निदान पत्र्याचा एक तुकडा पुढे सरकवून. त्यानंतर आतली काळी, चिकट गादी उचला. खड्ड्यांतलं पाणी काढून दगड आणि खडीने ते भरा. मातीने भरले तर चिखलच होणार. वर सुका तूस चार इंच.

तरीही ओल येतच असेल तर आत दीड फूट उंचीवर पोफळीच्या किंवा बांबूच्या रिपांचा माळा घाला, रिपांमध्ये एक इंच फट.  माळ्याखालची जागा जाळी लावून कोंबड्यांना बंद करा, नाहीतर त्या खालच्या घाणीतच उकरत राहतात. पिलांना मात्र इंचभर फटीचा माळा चालत नाही, पाय अडकतात.

ओल्या गादीचा सर्वांत मोठा धोका रक्ती हगवणीचा, म्हणजे कॉक्सिडिओसिसचा. विष्ठेतून पडलेली त्याची अंडी उबदार ओलीत दोन दिवसांत संसर्गाला तयार होतात. तीन ते आठ आठवड्यांची पिलं सर्वांत आधी बळी पडतात: पंख पाडून, मान आत घेऊन बसतात, विष्ठेत रक्त दिसतं. गादी सुकी करणं तेव्हा पुरेसं नसतं. त्याच दिवशी विष्ठेचा नमुना घेऊन जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा आणि औषध पिण्याच्या पाण्यातून, डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस द्या. खाद्याची पोतीही तपासा. जमिनीला टेकलेलं पोतं खालून बुरशी धरतं आणि त्या बुरशीचं विष यकृत खराब करतं. पोती फळीवर, भिंतीपासून हातभर सोडून ठेवा.

पाऊस ओसरला की ऑक्टोबरमध्ये चराच्या तोंडाची जाळी काढून गाळ धुवा, खालच्या भिंतीतले दोन्ही पाइप तारेने मोकळे करा, आणि बाहेरच्या पट्ट्यावर पाणी ओतून ढाळ अजून भिंतीपासून बाहेरच आहे ना ते बघा. जिथे पाणी थबकतं तिथला सांधा उघडून माल पुन्हा भरा.